बर्डीची भरती-ओहोटी : एक प्रबंध

नागपुरास समुद्र नाही, हा पूर्वपक्ष. त्याचे खंडन करणे हा या प्रबंधाचा हेतू.

किनाऱ्यावरच्या गावात एक मुख्य रस्ता असतो. त्यावर माणसे काम नसताना चालतात, भूक नसताना खातात आणि घ्यायच्या नसलेल्या वस्तूंचे भाव विचारतात. व्हेरायटी चौकातून लोहापुलाकडे जाणारा सीताबर्डीचा मेन रोड याच जातीचा आहे, असा आमचा सिद्धान्त. पाणी ही बाब अलाहिदा.

तरीही पाण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी झिरो माइलपाशी जावे. तिथे चार घोड्यांच्या सोबतीला 1907 सालचा जी.टी.एस. (ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे) दगड आहे आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट अशी नोंदलेली आहे. दशांशचिन्हापुढे तीन आकडे! गोव्यात कळंगुटच्या कुठल्या शॅकवाल्याने समुद्राचा इतका काटेकोर हिशेब ठेवला आहे? कोणी फुटाळा तलावाच्या चौपाटीचा दाखला देईल. तिथे पाणी आहे खरे, पण माणसे भुट्टा खात बसून राहतात, आणि बसणे या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहे. राहता राहिले ऊन. त्यासाठी लोक पैसे मोजून किनाऱ्यावर जातात. आमच्याकडे 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता, तोही घरपोच.

आता चालीविषयी. बर्डीवर कुटुंब शेजारी शेजारी चालत नाही, रांगेने चालते. पुढे आई, तिच्या ओढणीला धरून पोर, मागे पिशव्यांसकट वडील. दुकान आले की आई आत जाते आणि वडील बाहेरच्या खांबाला टेकतात. खांब नसेल तर दुसऱ्याच्या स्कूटरला. स्कूटरचा मालक येतो, तोही कोणाचा तरी वडीलच असतो, म्हणून भांडण होत नाही.

भाव करण्याची भाषा हिंदी. ‘कैसा दिया?’ ‘तीन सौ.’ ‘डेढ सौ.’ इथवर सारे रीतसर चालते. मग विक्रेता कळवळून म्हणतो, ‘ताई, एवढ्यात तर मलाच नाही पडत!’ दोघेही मराठी निघतात, आणि सौदा एकशे ऐंशीला पटतो. घासाघीस हिंदीत आणि तडजोड मराठीत, हा नियम आम्हांस फार थोड्या ठिकाणी मोडलेला आढळला.

पण मुख्य प्रमाण भरती-ओहोटीचे. फुटपाथवरच्या विक्रेत्याची ताडपत्री नीट पाहावी. चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या, आणि त्या दोऱ्यांची टोके मालकाच्या हाताच्या अंतरावर. क्लिपा, मोजे, मोबाइलची कव्हरे ऐसपैस मांडलेली असतात. तेवढ्यात टोकाकडून ‘गाडी आली’ अशी हाक येते. गाडी म्हणजे महापालिकेच्या अतिक्रमण पथकाची; बाकीच्या गाड्यांना बर्डीवर कोणी गाडी म्हणत नाही. चारही दोऱ्या एका झटक्यात ओढल्या जातात, दुकानाचे गाठोडे होते आणि मोदी नंबर एक, दोन किंवा तीनच्या गल्लीत नाहीसे होते. ही ओहोटी. गाडी वळली की भरती. चंद्राचा यात हात नाही. पगाराची तारीख आणि दिवाळी यांचा आहे.

या भरतीला कायद्याचेही अंग आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे ठरवले. तरी दुकानदार, फेरीवाले आणि महापालिका यांचे खटले उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येतच राहिले. याच बर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली ती 1817 च्या नोव्हेंबरात, 26 आणि 27 तारखेला. त्या लढाईचा निकाल दोन दिवसांत लागला. फुटपाथचा लागायचा आहे. आमचे मत विचाराल तर दोऱ्यावाल्यांच्या बाजूने. पाट्या लावलेल्या दुकानांसाठी कोणी रमतगमत चालत नाही.

कोपनहेगनने आपला स्ट्रॉयट हा रस्ता 1962 साली मोटारींना बंद केला. पुण्याचा लक्ष्मी रस्ता 11 डिसेंबरला एक दिवस पादचाऱ्यांना मिळतो, आणि पुणेकरांना त्याचेही कौतुक. बर्डीवर असा ठराव लागत नाही. दुचाकीवाला आपखुशीने आत शिरतो, हॉर्न वाजवतो, कोणी हलत नाही, आणि अर्ध्या वाटेत तोही दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडीसकट चालू लागतो. शास्त्रार्थाने पाहता तो पादचारीच झाला. मेट्रो मुंजे चौकात माणसे उतरवायला लागल्यापासून या धर्मांतरांना वेग आला आहे.

एक निरीक्षण मात्र सिद्धान्तात बसत नाही. गाडी येऊन गेल्यावर फुटपाथ काही मिनिटे पूर्ण रिकामा असतो. त्या अवधीत त्यावर कोणीही चालत नाही. सगळे रस्त्याच्या मधूनच चालत राहतात, आणि मोजेवाला कुठे गेला म्हणून गल्लीत डोकावतात.