दाजींचं तळं

जालन्यात आमच्या ताईचं घर आहे. त्या घरी कोणीही पाहुणा उतरला की तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं जातं. ओढणारे आमचे दाजी. "मेव्हणे, उठा. ऊन चढलं की तळं दिसत नाही." हे साफ खोटं आहे. लोणारचं तळं भर उन्हात उत्तम दिसतं. पण पहाटे पाचला असले वाद घालण्याची ताकद माझ्यात नसते, आणि ते दाजींना पक्कं ठाऊक आहे.

असा मी अकरा वेळा लोणारला जाऊन आलोय. पुण्यात पंचवीस वर्षं राहून सिंहगडावर तेवढ्या वेळा गेलेलो नाही.

दाजी बियाण्याच्या कंपनीतून निवृत्त झाले. जालन्यात दर चार माणसांमागे एक माणूस बियाण्यात नाहीतर लोखंडात असतो, असं ते सांगतात. त्यांचे आकडे मी तपासत नाही. नोकरीत त्यांनी हयातभर शंभर-शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवून किती उगवले ते मोजलं. निवृत्तीनंतर तीच शिस्त त्यांनी पाहुण्यांना लावली. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असते. विवराच्या काठावर उभं राहून ते पाहुण्याला एकच प्रश्न विचारतात आणि उत्तराची नोंद करतात. तो प्रश्न असा: "हे एवढं मोठं भगदाड कशानं पडलं असंल, सांगा बरं?"

पाहुणा खाली बघतो. बशीसारखा गोल खड्डा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी हिरवट पाणी, भोवती झाडी. कुठेतरी मोर ओरडतो. पाहुणा विचार करून म्हणतो, "ज्वालामुखी?"

दाजींचा चेहरा तेव्हा पाहावा. भरलेल्या कणसासारखा होतो. ते आधी काहीच बोलत नाहीत. खिशातून डायरी काढतात, एक रेघ मारतात, डायरी ठेवतात आणि मग हलकेच म्हणतात, "सगळे असंच म्हणतात." पुढची पंचेचाळीस मिनिटं पाहुण्याची सुटका नसते.

या पंचेचाळीस मिनिटांत दाजी पाहुण्याची बाजूही मांडतात, हे त्यांचं मोठेपण. "तुमचं चुकलं नाही. भल्या भल्या भूवैज्ञानिकांचंबी हेच म्हणणं होतं. आजूबाजूला बघा नं, सगळा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच आहे हा. मग खड्डाबी ज्वालामुखीचाच वाटणार. पण नाही!" हे 'पण नाही' इतक्या जोरात असतं की शेजारचं माकड जागा बदलतं. मग आभाळातून उल्का येते, ती दाजी हातवाऱ्यांनी आणतात, आणि त्यात बऱ्याचदा पाहुण्याचा चष्मा जातो. 1973 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन येतं. तळातल्या खडकात सापडलेली एक काच येते, जी फक्त प्रचंड आघातानंच तयार होते. तिचं नाव मॅस्केलिनाइट. मॅस्केलिन नावाच्या इंग्रज खनिजतज्ज्ञावरून ते पडलंय. दाजी मात्र तिला 'म्हस्केलाइट' म्हणतात. एका पाहुण्यानं भाबडेपणानं विचारलं, "म्हणजे आपले म्हस्के का?" दाजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "असतील. कोणाला माहीत?"

आता घरातलं गुपित सांगतो. आदल्या रात्री, दाजी ओम्नीत हवा आहे का ते बघायला बाहेर गेले की ताई पाहुण्यांना गाठते. "हे बघा, उद्या ते विचारतील. काहीही माहीत असलं तरी ज्वालामुखी म्हणा. उल्का म्हणालात तर दोन दिवस जेवत नाहीत धड." भूगोलाचे प्राध्यापक असलेल्या आमच्या एका नातलगानंही काठावर उभं राहून, मान खाली घालून 'ज्वालामुखी' म्हटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. दाजींच्या डायरीत चुकीच्या उत्तरांची उगवण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. एवढी उगवण सरकी देत नाही, असं ते अभिमानानं सांगतात.

जालन्याहून मंठ्यामार्गे लोणार नव्वदेक किलोमीटर. ओम्नीत मागे दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, स्टीलच्या बरणीत पाणी आणि पिशवीभर मोसंबी. जालन्याची मोसंबी हे दाजींच्या मते गाडी लागण्यावरचं, पित्तावरचं आणि वाद मिटवण्यावरचंही औषध आहे. मंठ्याला चहा. तिथे ते हॉटेलवाल्याला न विचारता स्वतःच सांगतात, "पाहुणे आहेत, लोणार दाखवायला चाललो." हॉटेलवाला 'बरं बरं' म्हणतो. त्यानं दाजींचे तीन पिढ्यांचे पाहुणे पाहिलेत.

जाताना मंठा, तर येताना सिंदखेडराजा, कारण पाहुण्याला जिजाऊंचं जन्मस्थान दाखवायचं असतं. लखुजीराव जाधवांचा वाडा, समाधी, मोती तलाव, हे सगळं दाजी भरभर उरकतात. भक्ती कमी नाही, पण तिथे विचारायला प्रश्न नसतो.

एक दुखरी जागा आहे. लोणार जालना जिल्ह्यात नाही. ते बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात. हे कोणी बोलून दाखवलं की दाजी म्हणतात, "जिल्हा त्यांचा, पण रस्ता आमचा." त्यांच्या मते 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, त्याच दिवशी लोणार मागून घ्यायला हवं होतं. "तेव्हा मागितलं असतं तर दिलं असतं. नवीन संसाराला लोक भांडं देतातच की." मग जालन्यात बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं तर ते राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी आणि समर्थांचं जांब अशी नावं एका दमात घेतात, आणि लगेच, "पण लोणारचं तसं नाही..."

काठावरचं व्याख्यान संपलं की धारेवर जायचं. वरच्या अंगाला गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही पडते. तिथे दाजी हातपाय धुतात आणि पाहुण्याला ते पाणी प्यायला लावतात. मग झाडीतून खाली उतरायचं. उतरताना ते दर दहा पावलांवर म्हणतात, "इथं थांबू नका, खरं पुढं आहे." अकरा वेळा उतरूनही ते 'खरं' नेमकं कुठं आहे हे मला कळलेलं नाही. कमळजा देवीपाशी पोचलो की ते चप्पल काढून नमस्कार करतात आणि इंग्रजांवर घसरतात. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली, आणि पुस्तकांतून त्यानं ते 'शोधलं' असं छापून येतं. "आमची कमळजा तिथं आधीपास्नं बसलेली. दैत्यसूदनाचं एवढं मोठं मंदिर वर गावात उभं. अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलं. आणि साहेब शोधायलाय!" लवणासुराला विष्णूनं इथेच मारलं, ही कथाही ते त्याच दमात सांगतात. उल्का आणि लवणासुर यांचं त्यांच्या मनात भांडण नाही. एकदा मी ते लावून पाहिलं, तर म्हणाले, "मेव्हणे, वरून काहीतरी आलं आणि खाली मोठा खड्डा पडला, यावर दोघांचं एकमत आहे नं?"

पाण्याच्या काठी प्रयोग होतो. दाजी खिशातून कागदाची पुडी काढतात. तिच्यात ताईच्या डब्यातली हळद. तळहातावर चिमूटभर हळद घेऊन तिच्यावर तळ्याच्या पाण्याचे चार थेंब टाकले की पिवळी हळद लालभडक होते. पाणी खारट तर आहेच, शिवाय भयंकर अल्कधर्मी, सामू दहाच्या घरात. दाजी सामू वगैरे नंतर सांगतात. आधी ते ओरडतात, "कुंकू!" आणि बरोबरच्या बायकांपैकी जी वयानं मोठी असेल तिच्या पुढ्यात हात धरतात. ताई गेल्या कित्येक वर्षांत खाली उतरलेली नाही. ती वर धारेपाशी दशम्या सोडून बसते. "एवढ्या वर्षांत किलोभर हळद गेली त्या तळ्यात," असं ती सांगते. पण निघायच्या आदल्या रात्री पुडी तीच बांधून देते.

दाजींचे फोटोही असेच. पाहुण्यांना काठावर उभं करतात, 'जरा डावीकडं सरका' म्हणतात आणि सरकवता सरकवता फोटोतून बाहेरच काढतात. आमच्याकडे अकरा सहलींचे फोटो आहेत. सगळ्यांत तळं आहे. एकात माझं कोपर आहे.

विवराचं वय किती, हा विषय मात्र त्यांच्यासमोर जपून काढावा. वर्षानुवर्षं त्यांनी पाहुण्यांना 52,000 वर्षं असं सांगितलं. मग नव्या मोजणीत ते वय पावणेसहा लाखांच्या आसपास निघालं. ही बातमी मीच त्यांना फोनवर सांगितली, ती माझी चूक. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांना परत कळवावं लागणार." त्यांनी खरंच तीन पोस्टकार्डं टाकली. सध्या ते 'बावन्न हजार ते सहा लाख' असं ठोकून देतात. भाजीवालीही एवढी सूट देत नाही.

पण दाजींचं खरं दुःख 2020 सालचं. त्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. देशभर बातम्या, जगभर फोटो. आणि दाजी टाळेबंदीत जालन्याच्या घरात. जिल्हा ओलांडायला पास लागायचा. त्यांनी अर्ज भरला, आणि खोटं बोलणं अंगात नसल्यामुळे कारणाच्या रकान्यात 'तळ्याचा रंग पाहणे' असं लिहिलं. पास मिळाला नाही, आणि त्याबद्दल मी कोणालाही दोष देणार नाही. रोज संध्याकाळी फोन यायचा. आवाज असा, की घरचं कोणीतरी दवाखान्यात आहे. "मेव्हणे, पाण्याचे नमुने पुण्यात आलेत म्हणे, आघारकर संस्थेत. तुमच्या जवळच आहे नं? जरा विचारून या." आघारकर संस्था आगरकर रस्त्यावर आहे, आणि या दोन नावांत अस्सल पुणेकरही घसरतो. पण टाळेबंदीत मी तरी कुठे जाणार होतो? पुढे बातमीत आलं की पाणी आटून क्षार वाढले, त्यामुळे मीठ मानवणारे सूक्ष्मजीव बोकाळले आणि रंग त्यांचा होता. प्रयोगशाळेत ते पाणी स्थिर ठेवल्यावर गुलाबी गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. हे मी दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे बाटलीतबी राहिला नाही."

ते लोणारला पोचले तेव्हा तळं पुन्हा हिरवं झालं होतं. तीस-पस्तीस वर्षं रोजच्या रंगात बघितलेलं तळं एकदाच नटलं, तेव्हा हे घरात. त्याच नोव्हेंबरमध्ये तळ्याला रामसर दर्जा मिळाला, त्यानं थोडी फुंकर बसली. गल्लीत ते सगळ्यांना सांगत सुटले. शेजारच्या आजींनी विचारलं, "कोणत्या शाळेवर असतात हे राम सर?" रामसर हे इराणमधलं गाव आहे, 1971 साली पाणथळ जागांचा करार तिथं झाला, हे दाजींनी त्यांना ओट्यावर बसून समजावलं. मोसंबी सोलून देत.

गेल्या दिवाळीत माझी मुलगी प्रथमच त्यांच्या तावडीत सापडली. वय वर्षं अकरा. रात्री ताईनं तिला नीट पढवलं. पण ती झोपेत होती की तिला ते अप्रामाणिक वाटलं, देव जाणे. काठावर दाजींनी घसा साफ करून विचारलं, "हे एवढं मोठं भगदाड कशानं पडलं असंल?" आणि ती म्हणाली, "उल्का पडून, आतोबा. आम्हाला आहे पुस्तकात."

मी ताईकडे बघितलं. ताईनं धारेकडे बघितलं. दाजींनी डायरी काढली, उघडली आणि तशीच मिटली. पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान घशात अडकलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते नुसते कठड्याला हात लावून उभे राहिले. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पण मग तो दगड कुठे गेला?"

दाजी वळले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ज्वालामुखीवाल्यांना विचारायचं कारण नव्हतं, आणि उल्कावाले ताईच्या धाकानं गप्प होते. "बस इथं," असं म्हणून त्यांनी रुमाल अंथरला. येणाऱ्या दगडाचा वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर असतो, आदळताच एवढी उष्णता होते की दगडाचा बहुतेक भाग वितळून वाफ होऊन जातो, तळाला भोकं पाडून पाहिली तेव्हा चुरडलेला खडक आणि ती काच मिळाली पण दगड म्हणून मिळाला नाही... सव्वा तास. त्या दिवशी हळदीची पुडी खिशातच राहिली. दशम्या आम्ही ताईबरोबर खाऊन घेतल्या. येताना सिंदखेडराजाला थांबलोच नाही. दोघं पुढच्या सीटवर बोलत होते आणि मागे बसून मी मोसंबी सोलत होतो.

तेव्हा जालन्यात तुमचं कोणी असेल आणि तिसऱ्या पहाटे पांघरूण ओढलं गेलं, तर एवढं ध्यानात ठेवा. दाजींचा प्रश्न आता बदललाय. ते काठावर उभं करून विचारतात, "दगड कुठं गेला असंल, सांगा बरं?" ताईचा निरोप आहे, काहीही माहीत असलं तरी म्हणा, "तळाशी बुडाला असेल."