नरकाचं भय चुकीच्या दारात

विरार सोडलं की डहाणूची गाडी थोड्या वेळात वैतरणा ओलांडते. पुराणातली वैतरणी पू आणि रक्तानं भरलेली, शंभर योजनं रुंद, यमाच्या वाटेवर पाप्याला अडवणारी. आमची वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगवते, मोडकसागरात अडते, मुंबईची तहान भागवते आणि अर्नाळ्याच्या वरच्या अंगाला समुद्राला मिळते. या नदीला कुणी भीत नाही. भ्यावं असं तिथं एकच आहे. या नदीतल्या वाढीव बेटावरच्या माणसांना वर्षानुवर्षं रस्ता मिळाला नाही, म्हणून ती रेल्वेपुलाच्या कडेनं चालत स्टेशन गाठत आली, आणि त्यात कित्येकांचा जीव गेला. परलोकातली वैतरणी पार करायला गाय दान द्या म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. या वैतरणेवर पायवाट द्या म्हणून ओरडणारे फार थोडे.

नरक आहे की नाही, यावर वसई-विरारात एकमत होणार नाही, आणि व्हायचं कारणही नाही. आमच्याकडे एका जिन्यावर चार-पाच परलोक राहतात. तळमजल्यावरच्या जैन कुटुंबाच्या शास्त्रात सात नरकभूमी आहेत. तिथलं आयुष्य हजारो वर्षांचं असलं तरी ते संपतं आणि जीव पुढे निघतो. समोरच्या कॅथलिक घरात नरक कायमचा, पण त्याच्या अलीकडे शुद्धिस्थान आहे. वरच्या मजल्यावर जहन्नम. त्याच्या शेजारी १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा घेतलेलं बौद्ध घर, जिथं श्राद्ध आणि पिंडदान एका पिढीपूर्वीच सुटलं. भागवतात अठ्ठावीस नरक मोजलेत, मनुस्मृतीत एकवीस. चार्वाक म्हणाला होता, पायात काटा मोडल्यावर जी कळ येते तोच नरक, दुसरा नाही. या सगळ्यांना पाणी एकाच टाकीतून येतं आणि लिफ्ट बंद पडली की सगळे एकाच जिन्यानं धापा टाकत चढतात. परलोकावरून कुणाचं कुणाशी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

माझंही भांडण नरकाशी नाही. तो कुणाला दाखवला जातो, त्याच्याशी आहे.

मयताच्या घरात तो दाखवला जातो. दहा दिवस गरुडपुराण लावलं जातं. भिंतीला टेकून बसलेली बाई, मांडीवर नातवंड, आणि समोर पोथीतून यमदूत माणसाला साखळीनं ओढत नेत असतात. वाचणारा वाचून जातो. रात्री ती बाई सुनेला हळूच विचारते, "ह्यांच्या तोंडात शेवटी तुळशीपत्र पडलं नाही गं, नळ्या होत्या ना तोंडात, मग काय होईल?" याचं उत्तर सून कुठून देणार? उत्तर बाहेरून येतं: गोदान करा, गाय जमत नसेल तर रक्कम ठेवा. २३ एप्रिल २०२१ ला विरारमध्ये कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि पंधरा रुग्ण गेले. त्या महिन्यात तुळशीपत्र कुणाच्या तोंडात पडलं? कित्येकांना घरच्यांनी शेवटचं पाहिलंसुद्धा नाही. अशा घरात बसून गती आणि अवगतीच्या गोष्टी सांगणं हे क्रौर्य आहे. त्याला मी धर्म म्हणणार नाही.

हे एकट्या हिंदू घरांचं नाही. स्नानसंस्काराआधीच, म्हणजे बाप्तिस्म्याआधीच, बाळ गेलं, तर ते स्वर्गात जात नाही, मधल्या कुठल्याशा ठिकाणी, लिंबोत, राहतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. त्या बाळाला चर्चच्या पवित्र भूमीत जागाही मिळत नसे. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचं दफन नाकारण्याचा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत होता. पोटचं पोर गमावलेल्या आईला त्यावर आणखी ही शिक्षा.

पण तिथं कुणीतरी हे बदलायचं मनावर घेतलं. १९८३ च्या संहितेतून आत्महत्येची ती बंदी गेली. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानं २००७ मध्ये लिहून दिलं. जुलै १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं, की नरक म्हणजे एखादी जागा समजू नका, देवापासून स्वतःला तोडून घेतलेल्या माणसाची ती अवस्था आहे. आणि १४ जानेवारी २०२४ ला पोप फ्रान्सिस इटलीच्या दूरचित्रवाणीवर म्हणाले, की ही श्रद्धेची शिकवण नव्हे, माझं स्वतःचं मत आहे, पण नरक रिकामा असावा असं मला वाटतं. नरक नाही असं ते म्हणाले नाहीत. तो रिकामा असावा, एवढी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, नंदाखालच्या किंवा पापडीच्या दफनभूमीत जाऊन पाहा. माणसं आधी गवत उपटतात, क्रूस धुतात, मग झेंडूची फुलं पसरतात आणि मेणबत्ती वाऱ्यानं विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून उभी राहतात. त्यांना कुणी धाक घालावा असं काय केलंय त्यांनी?

आता मूळ ग्रंथांनी नरक कुणासाठी राखून ठेवलाय तेही बघू. तोंडात तुळशीपत्र न पडलेल्यांसाठी तो नाही. मयताच्या घरात लागतं त्याच गरुडपुराणात पाप्यांची यादी आहे, आणि तीत विहिरी, तळी, देवळं आणि लोकांची घरं मोडणारे आहेत. हा भाग वसईत घशातल्या घशात वाचला जातो. कारण आमची बावखलं गेली. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खारं होऊ द्यायचं नाही. केळी, पानवेली आणि फुलं या पाण्यावर जगली. मागची पिढी दर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायची आणि झाडांच्या मुळाशी टाकायची. ही बावखलं एकामागून एक मातीचे डंपर ओतून बुजवली गेली, वर इमले उठले, आणि आता त्याच वाडीत टँकर येतो. पोथीप्रमाणे बघायचं तर पाप्याचा पत्ता गावाला ठाऊक आहे. त्याच्या दारात पोथी कुणी नेत नाही.

तत्त्वार्थसूत्र म्हणतं, अति उलाढाल आणि अति संचय यांनी नरकाचं आयुष्य बांधलं जातं. कुराणातली त्र्याऐंशीवी सूरा सुरूच होते ती मापात मारणाऱ्यांच्या धिक्कारानं. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात अग्नीत जातात ते भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी आणि परक्याला आसरा न देणारे. परलोकाच्या नकाशावरून इतके मतभेद असलेले हे सगळे आरोपीच्या वर्णनावर मात्र एकमेकांच्या जवळ येतात. माझ्या मते नरकाच्या चर्चेतली खरी महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तीच सोयीस्करपणे बाजूला ठेवली जाते.

नालासोपाऱ्यात डम्पिंग आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांनी पैसे मोजून घर घेतलं होतं, गणपती बसवले होते, मुलांच्या दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर, विरारमध्ये एक बेकायदा इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसं गेली. ज्यांनी ती घरं बांधली, विकली आणि ज्यांनी डोळे मिटून घेतले, त्यांतल्या कुणाची झोप यमदूतांनी उडवल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून कुणी म्हणालं, की नरकाची भीती गेली तर माणूस मोकाट सुटेल, तर मला ते पटत नाही. जे मोकाट आहेत त्यांना ती भीती कधी लागलीच नाही. ती लागली विधवेला, आजाऱ्याला, मूल गमावलेल्या आईला. दिवाळीत पहाटे आंघोळ नाही केलीस तर नरकात जाशील, असं आजी नातवाला म्हणते तेव्हा मला काही वाटत नाही. पोराला उटण्याचा वास आणि पायाखाली फुटणारं कडू कारीट एवढंच कळतं आणि ते हसत न्हाणीघरातून बाहेर पळतं. धाक तिथं बिनविषारी आहे. शोकाच्या घरात तो विषारी होतो.

सोपारा आमचंच. तिथून जवळच भुईगावला १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात राजा म्हणतो, की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. मोठं फळ देणारं मंगल कोणतं, तर दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, जिवांना न दुखवणं, दान देणं. परलोक मानणाऱ्या राजानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी परलोकाचा हिशेब इथल्या नोकराच्या वागणुकीला जोडला. तो दगड आता मुंबईच्या संग्रहालयात आहे.

पोथी वाचणाऱ्यांना, प्रवचनकारांना, फादरांना, मौलवींना माझी विनंती आहे. मयताच्या घरात नरकाचा भाग वगळा. तिथं गेलेल्या माणसाच्या चार चांगल्या आठवणी निघू द्या. आणि बुजवलेल्या बावखलावर उठलेल्या इमारतीच्या वास्तुशांतीला किंवा आशीर्वादाला बोलावणं आलं, तर विहिरी, तळी आणि लोकांची घरं मोडणाऱ्यांचा भाग पूर्ण वाचा, बिल्डर पहिल्या रांगेत बसलेला असताना वाचा.