शॉकअपचे मोजे

थंड मुलखातले हौशी लोक मोटारसायकलचं पुढचं चाक काढून तिथे बर्फावर घसरणारी पट्टी लावतात, मागे दातेरी पट्टा बसवतात आणि हिमात गाडी हाणतात. पुढच्या शॉकअपला कवच घालावं की नाही, हा प्रश्न त्यांनाही पडतो. चाकच नाही तर दगड उडवणार कोण, असं एक म्हणतो. नळीवर गोठलेला बर्फ सील खरवडतो त्याचं काय, असं दुसरा. हे कळलं तेव्हा मला बुलढाणा जिल्ह्याचा उगाच अभिमान वाटला. बर्फाचा कण न पाहता आम्ही हाच वाद बारमाही घालत आलो आहोत.

त्यातही घाटावरचा वाद वेगळा, घाटाखालचा वेगळा. बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं की राजूर घाटात हवा बदलते, माती बदलते आणि खाली पोचेपर्यंत मेकॅनिकचा सल्लाही बदलतो. घाटावर मुरूम आणि गिट्टी. पुढच्या गाडीच्या चाकाखालून सुटलेला खडा नेमका शॉकअपच्या चकचकीत नळीवर टणकन बसतो. त्यामुळे तिथला मेकॅनिक पुढून आडवं येणारं कडक प्लास्टिक सुचवतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती. तिथे खड्याची भीती कमी, पण पावसाळ्यात पांदणीनं गाडी घातली की मडगार्डमध्ये इतका चिखल भरतो की चाक फिरायचं थांबतं. मग उतरायचं, तुऱ्हाटीची काडी शोधायची आणि गाडीची दाढ कोरत बसायचं. इथे रबरी मोजे चालतात, त्या चुण्याचुण्यांच्या नळ्या. बजाजनं सीटी ११०ला ते कंपनीतूनच घालून दिले होते, एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनलाही होते.

शॉकअपचं दुखणं साधं आहे. वरची गुळगुळीत नळी खालच्या जाड नळीत वरखाली होते, आत स्प्रिंग आणि तेल, आणि खालच्या नळीच्या तोंडाशी एक रबरी सील. काळी माती नळीवर वाळली की दगड होते. तशीच गाडी काढली की पहिल्याच खड्ड्यात ती सीलवर घासते. नळीला चरा पडला की प्रत्येक हिसक्याला थेंबभर तेल बाहेर. मागे सोयाबीनचं पोतं आणि त्यावर मेहुणा असला तरी या दुखण्याला फरक पडत नाही, पण गाडी गळायला लागली की दोष मेहुण्यालाच जातो.

मोजे घातले की हे सगळं टळतं, असं मोजे विकणारे सांगतात. माझं मत जरा तिरकं आहे. खालची पट्टी सैल झाली की बारीक धूळ आत शिरते, धुताना पाणीही जातं आणि मग आतच मुक्काम करतं. बाहेरून सगळं झाकपाक, आत नळीला गंज. उघड्या नळीवर तेलाचा ओघळ निदान दिसतो, आणि घरातलं कुणीतरी ‘अहो, तुमची गाडी रडतेय’ म्हणून सांगतं. वरचेवर पट्टी सोडून आत फडकं फिरवेल अशा माणसानं मोजे जरूर घालावेत. पण तो माणूस रोज सकाळी नळी पुसूनच गाडी काढत असतो. त्याला मोज्यांची गरज काय?

हा सिद्धांत मी घाटाखालच्या एका गॅरेजवाल्याला ऐकवला. त्यानं पाना खाली न ठेवता ऐकून घेतला. त्याच्या स्वतःच्या गाडीकडे पाहिलं तर डाव्या शॉकअपला रबर, उजवा उघडा. हा काही प्रयोग चाललाय की काय, असं मी आदरानं विचारलं.

“कायचा प्रयोग, भाऊ! उजवं उंदरानं खाल्लं. डावं काढाले वेळ नाई.”

“मग दोन्हींतला गळतो कोणता?”

“मागचा,” तो म्हणाला.