वांगं गेलं कलादालनात

हाउन्स्लो, लंडन

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,


फोनवर रोज बोलणं होतं, मग हे पत्र कशाला, असं आई विचारेलच. फोनवर गोष्ट निम्म्यावर आली की तिकडे लाइट जाते, नाहीतर धुळ्याहून तात्यांचा फोन मध्ये घुसतो. शिवाय या गोष्टीत सनावळ्या आहेत आणि सनावळी कागदावर असल्याशिवाय आप्पा मानत नाहीत. म्हणून लेखी.

तर बातमी अशी की आपलं भरताचं वांगं इथल्या एका वनस्पती उद्यानाच्या कलादालनात भिंतीवर लागलं. चौकटीत, काचेखाली, दिवा टाकून.

तुमची सूनबाई शनिवारी वनस्पतिचित्रं काढायला शिकते, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत आपण दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली झोपडी काढून दहापैकी सात मिळवायचो, ते हे नव्हे. इथे मागे कोरा कागद आणि पुढे एकच पान, नाहीतर एकच फळ. तेही मूळ मापात. डिव्हायडर लावून मापायचं, देठावर काटे असतील तर मोजून तितकेच काढायचे, आणि आतलं बी दिसावं म्हणून फळ उभं कापून दाखवायचं. उद्यानाने परिसरातल्या हौशी चित्रकारांना भिंत दिली आणि सांगितलं, आपापल्या जिव्हाळ्याची वनस्पती आणा. एका निवृत्त पोस्टमनने ओकचं पान काढलं, दोघीतिघींनी गुलाब काढले. सूनबाईने जाहीर केलं, बामणोदचं वांगं. मी भीत भीत विचारलं, गुलाब का नाही? ती म्हणाली, "गुलाबाचं भरीत होत नाही."

अडचण मॉडेलची. इथे बाजारात जांभळी, चकचकीत, एका मापाची वांगी मिळतात; हिरवट-पांढऱ्या रेषांचं आपलं वांगं मिळत नाही. आणि ताजी भाजी बॅगेत घालून आणायला कस्टमवाले सोडत नाहीत. म्हणून तुम्हाला फोटो पाठवायला सांगितले. आप्पा, राग मानू नका, पण पहिल्या फोटोत वांगं थोडं आणि तुमचा अंगठा फार होता. शेजारी फूटपट्टी ठेवा म्हटलं, तर आईने शिंप्याची टेप काढून वांग्याची छाती, कंबर आणि उंची अशी तीन मापं कळवली. वजनही कळवलं, ते कोणी मागितलं नव्हतं. शेवटी देठाचा जवळून फोटो मागितला, तेव्हा उत्तर आलं, "त्याचं काल भरीत झालं." देठ मग दुसऱ्या वांग्याचा लावला आहे. चित्र बारकाईने पाहणाऱ्याला तो किंचित मोठा वाटेल, पण बारकाईने पाहणारे सगळे बामणोदला आहेत.

उद्घाटनाला आम्ही नटूनथटून गेलो. चित्राखाली शास्त्रीय नाव होतं, सोलॅनम मेलोन्जेना, आणि पुढे 'जळगाव, भारत'. एकाने विचारलं, आंबा का? दुसऱ्याला तो भोपळा वाटला. मग एका आजीबाईंनी मुद्द्याचा प्रश्न केला, हे शिजवतात कसं? झालं! सूनबाई कपाशीच्या काड्यांपासून सुरू झाली ती बडगीत ठेचणं, कांद्याची पात, शेंगदाणे असं करत कळण्याच्या भाकरीपर्यंत गेली. ओकच्या पानासमोर कोणी उरलं नाही. एका गृहस्थाने किंमत विचारली. तिने सांगितली, मी मनात तिचे रुपये केले आणि जवळच्या बाकावर बसलो. तेवढ्यात बामणोदला निदान अर्धा ट्रॅक्टर वांगी आली असती. त्यांनी चित्र घेतलं नाही. भरताची कृती मात्र लिहून घेतली.

नंतर आम्ही क्यू गार्डन्सला गेलो. तिथे मारियान नॉर्थ नावाच्या बाईंचं कलादालन आहे, १८८२ सालचं. बाई एकट्या जगभर हिंडल्या, हिंदुस्थानातही १८७७ ते १८७९ राहून झाडं-फुलं रंगवत होत्या. मग स्वतःच्या पैशाने इमारत बांधून चित्रांसकट बागेला देऊन टाकली. आठशेहून जास्त चित्रं, चौकटीला चौकट लावून. भिंत दिसतच नाही. आप्पा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट पुढेच आहे. येणाऱ्यांना चहा-कॉफी मिळावी अशी बाईंची इच्छा होती. बागेचे संचालक हूकर म्हणाले, जमणार नाही. तेव्हा बाईंनी दारांवर चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून टाकलं. संचालकांना असं उत्तर देणारी बाई आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हवी होती.

हे तात्यांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "हाई काय शे? आमच्या पांझराकाठची निंबं कोणी काढली का?" आणि पुढे नेहमीचं: धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, तुमच्या जळगावला काय, केळी. सासऱ्यांशी वाद घालू नये, म्हणून मी इथल्या वाचनालयात जाऊन पुरावे जमवले. ते तुम्ही त्यांना वाचून दाखवा.

पुरावा पहिला. मेजर रॉबर्ट गिल हा साहेब १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत बसला. त्या लंडनला आल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल भुसावळच्या मातीत आहे. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच इथेच लंडनला आगीत गेल्या. ऐकून वाटलं, आपली चित्रं या गावाला मानवत नाहीत. सूनबाईच्या वांग्याखाली अग्निशामक नळकांडं आहे ना, ते मी दोनदा पाहून आलो. पण ऐका, त्या ग्रिफिथ्सने छतांवरच्या नक्षीत कमळ, आंबा यांच्यासोबत वांगंही ओळखलं आहे. म्हणजे सूनबाईच्या आधी दीड हजार वर्षं आपल्या शेजारच्या डोंगरात कोणीतरी वांगं रंगवून बसलाय, आणि त्याला कोणी टेपने माप पाठवलं नव्हतं.

पुरावा दुसरा, हा तात्यांनी बसून ऐकावा. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावच्या ठोंबऱ्यांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी त्यांनीच दिली. एवढं शाळेत शिकवतात. हे कीर्तिकर सैन्यात डॉक्टर आणि पेशाने नसले तरी पक्के वनस्पतिशास्त्रज्ञ होते, हे कोणी शिकवत नाही. बसू नावाच्या सहलेखकाबरोबर त्यांनी 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा चित्रांसह मोठा ग्रंथ केला. तो निघाला १९१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्याच साली बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली गेले. फुलापानांच्या कवीला ज्याने नाव दिलं, त्याला त्या फुलापानांची शास्त्रीय नावं पाठ होती, आणि ही भेट जळगावात झाली. लंडनने यावर काय बोलावं?

तेव्हा आप्पा, काम सांगतो. तुम्ही रोज सकाळी भाऊंच्या उद्यानात फिरायला जाता. समोर काव्यरत्नावली चौक, आत कलादालन. तिथे जळगाव-धुळ्याच्या चित्रकारांचं फक्त खानदेशातल्या झाडापिकांचं प्रदर्शन भरवायला हवं: केळफूल, कपाशीचं बोंड, सातपुड्यातला मोह, लळिंगच्या कुरणातलं गवत आणि तात्यांची निंबं. मोठ्या नावांच्या मागे लागू नका. शाळांतले चित्रकलेचे मास्तर आणि त्यांची मुलं पुष्कळ आहेत. भरताच्या हंगामात, डिसेंबरात आम्ही येतोय, तेव्हा ठेवा. सूनबाई वांगं घेऊन येईल, कागदावरचं. तुम्ही कलादालनाची तारीख उद्याच विचारून कळवा, आणि दाराशी चहाची सोय आधीच करून ठेवा.

तुमचा,
बंडू