सोऽयं सिंहमत्स्यः : प्रौढ दांपत्याच्या पुनर्यात्रेची मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध सांगायचे असतात. विषय सोपा आहे: पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्याने पूर्वी पाहिलेले शहर पुन्हा पाहायला जाणे. यापुढे याला ‘पुनर्यात्रा’ म्हटले आहे. अधिकारी कोण? ज्यांची मुले आता बरोबर यायला राजी नाहीत, ज्यांच्या चार गुडघ्यांपैकी किमान एकाने जिन्याशी अबोला धरला आहे, आणि ज्यांच्याकडे मागच्या सहलीचा अल्बम आहे पण त्यातले नेमके हवे ते फोटो कुणीतरी काढून नेले आहेत, असे दांपत्य. संबंध म्हणजे विवाह. त्यावर भाष्य करण्याचे धाडस आम्ही करत नाही. प्रयोजनाबद्दल मात्र मतभेद आहेत. सहलीच्या जाहिराती ‘निवांत सहवास’ असे प्रयोजन सांगतात. आमच्या मते हा पूर्वपक्ष टिकत नाही. निवांत सहवास ठाण्यातही मिळतो, फक्त टीव्ही बंद करावा लागतो. प्रौढ दांपत्य सिंगापूरला पुन्हा जाते ते मागच्या वेळी नेमके काय घडले याचा निकाल लावायला.

‘मग युरोपात का जात नाहीत?’ अशी शंका येईल. उत्तर असे, की युरोपात या शास्त्राला वाव नाही. रोमचे कलोसियम होते तिथेच आहे. वाद दहा मिनिटांत मिटतो आणि उरलेल्या आठ दिवसांचे काय करावे कळत नाही. आशियातली मोठी शहरे या बाबतीत उदार आहेत. ती वास्तू पाडतात, उचलून पलीकडे ठेवतात, सुटी करून पुन्हा जोडतात. त्यामुळे पंचवीस वर्षांनी परतलेल्या दोघांपैकी कोणीच पूर्ण हरत नाही.

नमुन्यादाखल ठाण्याचे एक जोडपे घेतले आहे. शास्त्राच्या सोयीसाठी त्यांना काका आणि काकू म्हणू. पहिली यात्रा १९९९ च्या मे महिन्यात, ग्रुपबरोबर. दुसरी नुकतीच, दोघांचीच.

वादवस्तू मर्लायन. धड माशाचे, डोके सिंहाचे, तोंडातून पाण्याची अखंड चूळ. हे रूप १९६४ साली तिथल्या पर्यटन मंडळाच्या बोधचिन्हासाठी फ्रेझर ब्रुनर यांनी कल्पिले. लिम नांग सेंग यांनी त्याचे शिल्प घडवले आणि १९७२ च्या सप्टेंबरात ते सिंगापूर नदीच्या मुखाशी उभे राहिले. उंची ८.६ मीटर, वजन ७० टन. म्हणजे हे प्राचीन दिसणारे दैवत काकांपेक्षा वयाने लहान आहे, हे काकूंनी तिथल्या तिथे नोंदवले.

‘तोच आहे हो, जसाच्या तसा,’ काकू म्हणाल्या.

‘अगं, हा इथं नव्हताच. तेव्हा याच्या पुढ्यात पूल होता.’

‘पूल कसा हलेल?’

‘पूल नाही हलला. हाच हलला.’

‘सत्तर टनांचा?’

आता प्रमाणविचार. नैयायिक चार प्रमाणे मानतात. त्यांपैकी प्रत्यक्ष निरुपयोगी ठरले, कारण दोघांनाही पुतळा समोर दिसत होता आणि दोघेही तेच बोट दाखवून उलट सांगत होते. अनुमानही लंगडे पडले. काकूंचे अनुमान असे की ज्या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही त्याला पूल आठवणे शक्य नाही. यातली व्याप्ती सदोष आहे, तरी व्यवहारात ती फार चालते. उपमानाचा प्रश्न आला नाही, कारण मर्लायनसारखे दुसरे काहीच नसते. मग अल्बम उघडला गेला. त्या काळी रोल छत्तीस फोटोंचा असे, आणि प्रत्येक फोटो ऐपत पाहून काढला जाई. वादग्रस्त फोटोत काकू पूर्ण आहेत, काकांचा एक कान आहे, ग्रुपमधल्या कुणाची तरी टोपी आहे, आणि माशाच्या शेपटाचे चार खवले. पूल असावा तिथे टोपी आहे.

राहिले शब्दप्रमाण. खरी हकिगत अशी, की १९९७ साली नदीच्या मुखावर एस्प्लनेड पूल झाला आणि पुतळा त्याच्याआड गेला. खाडीच्या बाजूने तो दिसेना. म्हणून २००२ साली त्याला उचलून १२० मीटर अंतरावर, पुलाच्या पलीकडे, आजच्या जागी आणून ठेवले. काकांनी हे मोबाइलवर वाचले आणि विजयी मुद्रेने वाचून दाखवले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे तोच आहे ना?’

इथे वेदान्त्यांचा देवदत्त आठवतो. पूर्वी कुठेतरी पाहिलेला देवदत्त पुढे दुसरीकडे भेटला, तर ‘सोऽयं देवदत्तः’ म्हणताना तेव्हाचा देश-काल आणि आताचा देश-काल दोन्ही सोडायचे आणि उरलेला देवदत्त तेवढा घ्यायचा. याला भागत्यागलक्षणा म्हणतात. काकूंनी ती कुठल्याही गुरूकडे न बसता साधली. काकांनी मात्र देवदत्त सोडून १२० मीटर घट्ट धरून ठेवले. संसारात सहसा असेच श्रमविभाजन असते.

इतक्यात काकूंनी दुसरा मुद्दा काढला. ‘याच्या जबड्यात आपण उभे होतो. वरून समुद्र दिसत होता. तुम्ही खाली बघेनात.’ काकांनी पाण्याच्या धारेकडे बोट दाखवून ‘या जबड्यात?’ एवढेच विचारले. काकू बरोबर होत्या. सेंटोसा बेटावर दुसरा, ३७ मीटर उंचीचा मर्लायन होता. त्याच्या पोटातून लिफ्टने वर जाऊन जबड्यातून आणि डोक्यावरून पाहता येई. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद झाला आणि पुढे पाडला गेला. आता तिथे जाऊन पाहिले तर सिंह नाही. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात: वस्तू न दिसणे हेच तिच्या नसण्याचे ज्ञान. काका त्या रिकाम्या जागेपुढे उभे राहून कट्टर मीमांसक झाले. जी गोष्ट आता नाही ती तेव्हाही नव्हती, आणि नसलेल्या उंचीला कोणी घाबरत नाही. हा युक्तिवाद शास्त्रदृष्ट्या टाकाऊ असला तरी मानसशास्त्रदृष्ट्या आम्हांला तो समजतो.

भोजनप्रकरण मोठे आहे, पण त्यातला मुख्य भाग जेवणाआधीच संपतो. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे जिथे शेकडो गाळ्यांवर स्वस्त आणि गरम मिळते तिथे, टेबलावर टिश्यूचे छोटे पाकीट ठेवले की ती जागा राखली गेली असे सगळे मानतात. रिकाम्या टेबलावर पाकीट दिसले की माणसे तोंडातून शब्द न काढता पुढे जातात. इथल्या हॉकर संस्कृतीला २०२० साली युनेस्कोने मान्यता दिली, पण महाराष्ट्राचा अग्रहक्क कोणी विचारात घेतलेला दिसत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी पिढी हे शास्त्र फार आधी जाणत होती. फरक एवढाच, की आपल्याकडे रुमालावर येऊन बसणारा प्रतिपक्ष असे, त्यामुळे न्यायशास्त्राची वाढ झाली. सिंगापुरात प्रतिपक्षच नाही. काकूंनी टिश्यू विकत घेण्याऐवजी काकांनाच टेबलाशी बसवले. या पद्धतीत खर्च शून्य, पण काका उठून गाळे पाहायला गेल्यावर जागा गेली. टिश्यू उठत नाही.

जेवण झाल्यावर एक घटना घडली जिची नोंद घेतलीच पाहिजे. सप्टेंबर २०२१ पासून इथे आपला ट्रे आपण नेऊन ठेवणे सक्तीचे आहे. आधी लेखी ताकीद, पुन्हा चुकलात तर दंड. लग्नापासून ज्यांनी स्वतःचे ताट मोरीपर्यंत नेलेले नाही असे काका दोन्ही ट्रे एकावर एक रचून, वाटी सांडू न देता, ठरलेल्या रॅकपर्यंत घेऊन गेले. काकूंनी याचा व्हिडिओ काढला. तो ठाण्यात पोचेपर्यंत सर्व नातेवाइकांनी पाहिला होता.

अर्थापत्ती या प्रमाणाचे ठरलेले उदाहरण असे: देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असलाच पाहिजे. काकांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी ‘कोपी ओ कोसोंग’, म्हणजे बिनदुधाची बिनसाखरेची कॉफी, काकूंनी पहिल्याच दिवशी पाठ करून ठेवली होती, आणि काका ती सर्वांसमक्ष पीत होते. पण रोज पहाटे ते ‘जरा पाय मोकळे करून’ येत आणि हॉटेलच्या नाश्त्याला फक्त पपई घेत. देवदत्त इथे पुन्हा भेटला. भाजलेल्या पावात नारळाचे दूध, अंडी, साखर आणि पांदानच्या पानांचा काया भरतात, वर लोण्याचा थंड तुकडा, सोबत सोया सॉस घातलेली अर्धकच्ची अंडी. हे एकदा ज्याने खाल्ले त्याचे पाय रोज मोकळे व्हावेसे वाटणारच. अर्थापत्ती प्रबळ असूनही काकूंनी निष्कर्ष जाहीर केला नाही. त्या तो परतीच्या विमानासाठी राखून होत्या.

लाउ पा सात या अष्टकोनी बाजारावर दोघांनी फार वेळ घालवला नाही. १८९४ ची ही लोखंडी इमारत, ओतकाम ग्लासगोचे. १९८६ मध्ये खालून मेट्रोचा बोगदा जाणार म्हणून ती तुकडे करून काढून ठेवली आणि नंतर त्याच जागी पुन्हा जोडली. ‘तीच’ की ‘तशीच’, हा प्रश्न साते भाजल्याचा वास येईपर्यंत टिकला.

हाँगकाँगला तर या शास्त्राची प्रयोगशाळाच म्हटले पाहिजे. कौलून आणि हाँगकाँग बेट यांच्यामध्ये धावणाऱ्या स्टार फेरीचे मूळ मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांच्या १८८८ च्या फेरी कंपनीत आहे. या बोटी दोन्ही टोकांनी सारख्या. धक्क्याला लागल्यावर वळत नाहीत, उलट दिशेने निघतात. म्हणून बाकांच्या पाठी इकडून तिकडे उलटवता येतात. अशा बाकावर प्रौढ दांपत्य बसवून पाहावे. काकांनी पाठ पुढे तोंड करून लावली. काकूंना मागे सुटणारा किनारा पाहायचा होता. त्यांनी समोरच्या बाकाची पाठ फिरवली. सात-आठ मिनिटे दोघे समोरासमोर बसले आणि जुना धक्का कुठे होता यावर बोलले. बेटाच्या बाजूचा जुना धक्का २००६ मध्ये बंद झाला, त्याचा घड्याळाचा मनोरा पाडला गेला आणि नवा धक्का भराव घातलेल्या जमिनीवर पुढे सरकला. म्हणजे इथे किनाराच हलला होता. अशा वेळी कोणाच्याही स्मरणशक्तीला दोष देणे शास्त्रसंमत नाही, आणि दोघांनीही तो दिला.

अ‍ॅबर्डीनचे जम्बो हे तरंगते हॉटेल हा हाँगकाँगमधला सर्वांत कठीण खटला. काकांच्या मते १९९९ मध्ये तिथे जेवण झाले. काकूंच्या मते फक्त बाहेरून पाहिले, कारण दर पाहून ग्रुपमधल्या पुरुषांना एकाच वेळी भूक नसल्याचे जाणवले. जम्बो २०२० मध्ये बंद झाले. जून २०२२ मध्ये ते ओढून नेत असताना पॅरासेल बेटांजवळ उलटले, आणि तिथे समुद्राची खोली हजार मीटरहून जास्त आहे. मेनूकार्ड, टेबल, वेटर यांपैकी कोणताही पुरावा आता सादर करता येणार नाही. बिल काकूंनी जपून ठेवलेले असते; काकूंकडे बिल नाही, म्हणजे जेवण नाही, असा त्यांचा पक्ष. बिल काकांच्या खिशात होते आणि ती पँट धुतली गेली, असा काकांचा.

बँकॉकचे प्रकरण छोटे. हुआ लाम्फोंग स्टेशनातल्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ मध्ये नव्या स्टेशनात गेल्या, त्यामुळे तिथेही बरोबरी झाली. चातुर्मास पाळणाऱ्या काकूंना मात्र तिथे आपले लोक भेटले. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या ठेल्यांवर मांस-मासळी तर नसतेच, कांदा-लसूणही चालत नाही.

पुढचे क्षेत्र तोक्यो. मासळी बाजारात पहाटे उभे राहून टुना पाहिल्याचे दोघांनाही आठवते, पण लिलाव सुकिजीच्या आतल्या बाजारात पाहिला की बाहेरच्या गल्लीत नुसती सुशी खाल्ली, याबद्दल एकमत नाही. आतला बाजार २०१८ च्या ऑक्टोबरात तोयोसूला गेला आणि बाहेरची गल्ली सुकिजीतच राहिली, त्यामुळे पुराव्याची दोन ठिकाणी वाटणी झालेली आहे. तिकिटे काढून झाली आहेत. खिडकीजवळची जागा या खेपेला कोणाची, याबद्दल परतीच्या विमानात काय ठरले होते, त्याचे सध्या दोन पाठभेद उपलब्ध आहेत. पैकी काकांच्या पाठात पपईचा उल्लेख गाळलेला आहे.