गाडी निघालीय

माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर 'गाडी' या नावानं आहे. खरं नाव मला माहीत आहे, पण ते वापरायची वेळच आली नाही. फोन लावला की पलीकडून 'हॅलो' नाही, 'बोला' नाही, थेट "निघालीय सर!" एकदा रात्री अकरा वाजता उशीखाली दाबला जाऊन फोन चुकून त्याला लागला. झोपेतल्या आवाजात तो म्हणाला, "निघालीय सर, गेटवर आहे." त्या दिवशी मी काही मागवलेलंच नव्हतं.

तो वाघोलीजवळ केसनंद रस्त्यावरच्या एका रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर डिस्पॅचर आहे. पुण्याच्या आजूबाजूला, मोशीला, चाकणला, हिंजवडीकडं, जिथं जिथं आकाशात सिमेंटचे उंच सायलो दिसतात, तिथं तिथं त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या केबिनमध्ये असा एक जण बसलेला असतो. हा बार्शीकडचा आहे. वय चाळीस, भुवया सिमेंटच्या धुळीनं साठ. एक फोन हातात, दुसरा खांदा आणि कान यांच्या चिमटीत. त्या चिमटीची मानेला इतकी सवय झालीय की फोन नसतानाही मुंडकं डावीकडं कललेलंच असतं. त्यामुळं तो आपलं म्हणणं फार मनावर घेतोय असा समोरच्याचा समज होतो. अर्धी गिऱ्हाइकं त्या कललेल्या मानेवरच शांत होतात.

आमच्या शाळेत क्रियापदाचे काळ तीन शिकवले होते. याच्या व्याकरणात एकच क्रियापद आहे आणि ते कुठल्याच काळात बसत नाही. "निघतेय" म्हणजे तुमची ऑर्डर अजून वहीत चढायची आहे. "निघालीय" म्हणजे गाडी प्लांटखाली लागायची आहे. "निघालीच" म्हणजे भरून झाली, ड्रायव्हर चहाला गेलाय. "गेटवर आहे" हे वाक्य मात्र खरं असतं, फक्त गेट त्याचं असतं. आणि "अजून पोचली नाही? कमाल आहे!" असं तो म्हणाला, की गाडीनं नुकताच वजनकाटा सोडला आहे असं खुशाल समजावं. हा शब्दकोश मला आज तोंडपाठ आहे. मागच्या मे महिन्यात नव्हता.

मागच्या मेमध्ये लोहगावला आमच्या घराचा पहिला स्लॅब होता. प्लांटपासून अंतर दहा किलोमीटरच्या आत. अकराशे चौरस फुटांचा स्लॅब, जाडी पाच इंच, त्यात बीम. इंजिनिअरनं हिशेब काढला, एम-२५ चा अठरा घनमीटर माल. मिस्त्री म्हणाला, साडेसहा ब्रास धरा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्यामुळं दोघांपैकी एक जण मला लुबाडतोय या शंकेत मी दोन रात्री काढल्या. शेवटी हिनं विचारलं, "गाड्या किती?" तीन. सहा-सहा घनमीटरच्या तीन गाड्या. हे एकक आमच्या घरात सगळ्यांना कळलं.

वेळ ठरली सकाळी सातची. पंप सहालाच येऊन उभा राहिला, पाइप जोडून त्याचा ऑपरेटर सावलीला झोपला. सेंट्रिंगवाला, फिटर, व्हायब्रेटरवाला आणि भरणारी टोळी धरून सोळा माणसं. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. साडेसहाला पहिला फोन केला. निघालीय. सातला, निघालीच. साडेसातला, गेटवर आहे. मी धावत आमच्या गेटवर गेलो. तिथं दूधवाला होता. आठला टोळीला वडापाव मागवले, नऊला दुसऱ्यांदा. साडेनऊला मिस्त्रीनं मला समजुतीच्या सुरात सांगितलं, "साहेब, तुम्ही फोन करू नका. तुम्ही फोन केला की ते निघाली म्हणतात, आणि निघाली म्हटलं की ते विसरतात."

गाडी आली दहा वाजून दहा मिनिटांनी. पोट फिरवत, घरंगळत, एखाद्या लेकुरवाळीच्या चालीनं. तिला पाहून इतका आनंद झाला की भांडायचं राहूनच गेलं. साडेदहाला ती रिकामी झाली आणि मग परत काही नाही. स्लॅबचा एक तृतीयांश ओला आणि बाकीच्या लोखंडावर मेमधलं ऊन. इंजिनिअर 'कोल्ड जॉइंट', म्हणजे जुन्या-नव्या मालातला कच्चा सांधा, असं काहीतरी पुटपुटू लागला. मालात सेटिंग लांबवणारं केमिकल आहे, थोडा वेळ चालेल, असंही तोच म्हणाला, पण ते म्हणताना तो माझ्याकडं बघत नव्हता. सव्वाबाराला दोन गाड्या एकदम आल्या. गल्लीत त्या समोरासमोर अडकल्या आणि ड्रायव्हर उतरून एकमेकांना हिंदीत पुढची-मागची शिकवू लागले. शेवटी अर्धा घनमीटर उरला. तो मिस्त्रीनं आमच्या फाटकासमोर ओतला, तर शेजारच्या चार घरांतून घमेली बाहेर आली. "उरलंय ना? आमच्याही दारात टाका थोडं."

दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे द्यायला आणि मुख्य म्हणजे भांडायला, मी प्लांटवर गेलो. सगळी वाक्यं स्कूटरवर जुळवून ठेवली होती. त्यानं मान कलवून मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तेवढ्यात फोन वाजला. "निघालीय सर." तो ठेवेस्तोवर दुसरा. "सर, केसनंद फाट्यावर आहे बघा." तिसऱ्याला हिंदी, "निकल गयी साहब, ड्रायव्हर फोन नहीं उठाता चलाते टाइम, सेफ्टी है ना." अर्ध्या तासात मी चौदा फोन मोजले. खिडकीतून प्लांटखाली दिसत होती एकच गाडी.

ती भरताना मात्र बघत राहावं. वाघोली-लोणीकंदच्या खाणींमधली काळी खडी, क्रश सँड, सायलोमधून सिमेंट, औष्णिक वीज केंद्रातून आलेली फ्लाय अ‍ॅश, पाणी, आणि घोटभर केमिकल. सगळं काट्यावर तोलून आत जातं आणि काचेमागचा पोरगा कॉम्प्युटरवर आकडे बघतो. पावसाळ्यात वाळूनं जितकं पाणी प्यायलंय, तितकं वरचं पाणी कमी करायचं. भर उन्हाळ्यात मोठ्या रॅफ्टच्या पायासाठी पाण्याऐवजी चक्क बर्फ. बाहेर पडणाऱ्या मालानं एक शंकू भरायचा, साचा सरळ वर उचलायचा आणि माल किती खचला ते मोजायचं, त्याला स्लंप म्हणतात. मग सहा इंचांचे ठोकळे भरून पाण्यात ठेवायचे आणि सातव्या नि अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनीत दाबून फोडायचे. बाळाचं बारसं बाराव्या दिवशी होतं, काँक्रीटचा निकाल अठ्ठाविसाव्या. तोपर्यंत घरमालकानं वर मजला चढवायची स्वप्नं बघत नुसतं पाणी मारायचं.

रेडीमिक्सचं पेटंट १९०३ मध्ये हॅम्बर्गच्या माजेन्स नावाच्या बांधकाम करणाऱ्यानं घेतलं. पहिला विकाऊ माल १९१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला पोचवला गेला. टेलिफोन तेव्हा होता. त्या पहिल्या गिऱ्हाइकालाही कुणीतरी 'निघालीय' म्हटलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्याकडं हा धंदा रुजला तो नव्वदच्या दशकात, मुंबईतून. तोवर स्लॅब म्हणजे खाली मिक्सर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बायामाणसांची रांग, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी घमेली. तेव्हा माल उशिरा येत नसे, कारण तो कुठून येतच नसे.

माल भरला की मात्र घड्याळ सुरू होतं, आणि इथंच याच्या धंद्याची गोम आहे. सिमेंटला पाणी लागलं की ते कुणाची वाट बघत नाही. भारतीय मानक ४९२६ म्हणतं, भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. सेटिंग लांबवणारं केमिकल असेल तर सवलत, पण हा सवलत जमेत धरत नाही. सहा घनमीटर म्हणजे चौदा टनांहून जास्त वजन. ते पोटात फिरवत नगर रस्त्याच्या गर्दीतून जायचं. गर्दीच्या वेळी जड वाहनांना शहरात बंदी, आणि गर्दीची वेळ नसलेली वेळ पुण्यात उरलीय कुठं? त्यात प्रत्येकाला स्लॅब रविवारीच हवा आणि अमावास्येला कुणालाच नको. त्याच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे, तीत अमावास्यांवर हिरवी खूण. बायकोला दवाखान्यात न्यायचं, गावी जायचं, दात काढायचा, सगळं अमावास्येला.

गाडीचं पोट बंद पडलं आणि माल आत गोठला, तर माणूस आत उतरवून छिन्नी-हातोड्यानं, ब्रेकरनं तो फोडावा लागतो. म्हणून काही ड्रायव्हर केबिनमध्ये साखर ठेवतात. चहाला नव्हे. चिमूटभर साखरेनंही सिमेंट रेंगाळतं आणि पुरेशी पडली तर गोठायचं विसरूनच जातं. तो माल मग कुणाच्या कामाचा नाही, पण गाडीचं पोट वाचतं. आपल्याकडं तोंड गोड केल्याशिवाय शुभकार्य होत नाही, इथं तोंड गोड झालं की कार्य मोडतं.

चौदाव्या फोननंतर मी माझी वाक्यं बाहेर काढली. सात म्हणजे सात, सोळा माणसं, वडापाव, कोल्ड जॉइंट. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. लोहगावच्या नावापुढं तीन नव्हे, चार गाड्या होत्या. पहिली भरली ८:४०. दुसरी ९:०५, तिच्यापुढं '११:०५ परत, ठोकळे'. तिसरी ११:१०, चौथी ११:२५.

"ही काय भानगड?"

"काका, वाघोलीच्या चौकात ट्रेलर बंद पडला होता. तुमची दुसरी गाडी त्याच्या मागं. दोन तास झाले, मग परत बोलावली."

"पण साडेअकराला तुम्ही मला गाडी निघालीय म्हणालात!"

"निघालीच होती की. इकडं."

मागच्या आवारात माझे ते सहा घनमीटर मला बघायला मिळाले. वाया गेलेला माल साच्यात ओतून त्याचे कमरेएवढे ठोकळे केले होते आणि ते कुंपणाला रांगेत लावले होते. माझ्या गाडीचे अजून ओलसर होते. त्याचा मॅनेजर त्याच्यावर ओरडलाय, हे काचेमागच्या पोरानं नंतर मला सांगितलं. गाडी पोचवली असती, चलनावर वेळ अर्ध्या तासानं पुढची टाकली असती, मुकादमानं दोन बादल्या पाणी मारून माल पातळ केला असता, तर आमच्यापैकी कुणालाच काही कळलं नसतं. मी त्याला तसं विचारलंही. तो जरा चपापला. "तोंडी सांगायचं वेगळं, काका," तो म्हणाला. "चलनावर लिहायचं वेगळं." आणि मान कलवून त्यानं सोळावा फोन उचलला. "गेटवर आहे सर."

आता म्हणे त्याच्या गाड्यांना जीपीएस बसवलंय. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर गाडीचा ठिपका दिसतो. मला वाटलं, संपला बिचारा. गेल्या आठवड्यात गेलो तर तो एकाला सांगत होता, "सर, ठिपका मागं राहतो, गाडी पुढं असते. नेटवर्क." तेवढ्यात दुसरा फोन वाजला. त्यावर नाव न बघताच तो म्हणाला, "निघालोय गं, गेटवर आहे." तो खुर्चीत होता आणि समोर भजी होती. पलीकडून बाईमाणसाचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला: "कुठल्या गेटवर?"

गेल्या पावसाळ्यात आमचा स्लॅब टिपूसभरही गळला नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब येत्या रविवारी आहे, माल त्याच्याकडूनच. वेळ सकाळी सातची ठरली आहे. पेढ्यांना यायचं असेल तर आपण सर्वांनी अगत्य यावं, मात्र घरातून दहाच्या आत निघू नये.