तांबड्या गाईची खुशाली

दुसऱ्या महायुद्धात आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले. त्यांची तिकडची पत्रं वाचली, की माणूस लढाईला गेला होता की बैलबाजाराला, असा प्रश्न पडतो. जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच जीव दिला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच महिन्यात आजोबा लिहितात, ‘इकडे ऊन आहे. कौलं शाकारली का?’

आता त्यांनी तरी काय लिहावं? तिकडे पत्र आधी साहेब वाचणार. नदीचं, गावाचं नाव दिसलं की काट. इकडे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते मास्तर वाचणार, तेही पारावर, खणखणीत आवाजात. पत्रावर मायना ‘तीर्थरूप आबांस’. आजी दाराआड. नवऱ्याने बायकोची चौकशी पत्रातून करायची पद्धत नव्हती, म्हशीची चालायची.

सरकारने पहिल्या महायुद्धातच छापील कार्डं काढली होती. ‘मी खुशाल आहे’, ‘मला इस्पितळात दाखल केलं आहे’, ‘बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही’, यातलं लागू नसेल ते खोडायचं, खाली तारीख आणि सही. एक अक्षर जास्त लिहिलंत तर कार्ड नष्ट करू, अशी वर तंबी. ‘भीती वाटते’ हे वाक्य खोडण्यापुरतंसुद्धा छापलेलं नव्हतं. इंग्रजांना याचं कोण कौतुक! आमच्याकडे ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे’ एवढ्यावर पिढ्यानपिढ्या संसार झाले, तेही महायुद्धाशिवाय.

त्याच युद्धात फ्रान्समधल्या हिंदी जवानांनी सेन्सॉरला चकवायला मसाल्याचा डबा उघडला होता. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरी. सेन्सॉरने ते ओळखलं. तेव्हापासून त्या खात्याला जिन्नसांचा संशय.

आजोबांनी म्हणून गाय धरली. प्रत्येक पत्रात ‘तांबडी गाय कशी आहे? चारापाणी वेळेवर घेते ना? तिला ओझं उचलू देऊ नका.’ गाईला ओझं कसलं, हे मास्तरांना उमगेना. आजीला उमगायचं. मग आबांनी, सरळ माणूस, उत्तर धाडलं: ‘तांबडी गाय भाकड निघाली. वाईच्या बाजारात विकली. किंमत बरी आली.’

ते इटलीत वाचून आजोबा दोन वेळा जेवले नाहीत म्हणे. हवालदाराने समजूत घातली, “गड्या, गाय दुसरी घेता येती.” त्यावर आजोबा आणखीच बिथरले.

इकडे आजीने मात्र पत्र पाकिटात जाण्याआधी मास्तरांना गाठून ता. क. घालायला लावला होता. त्या एका ओळीवर सेन्सॉरने काळी शाई फासली. भाकड गाईनंतर लगेच असलं काही म्हणजे खूण असणारच!

खाली काय होतं, हे आजोबा म्हातारपणापर्यंत विचारत राहिले. आजी म्हणायची, “साहेबानं वाचलंय की. त्यालाच इचारा.”